मावळातली धाप

भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या म्हातारीला धाप लागते म्हणून दवाखान्यात नेलं, की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "विडी ओढता का?" ती लाजून मान हलवायची. मग वय विचारलं जायचं, "वयोमानानं होतंच" असं कुणीतरी म्हणायचं आणि खोकल्याची बाटली घेऊन ती घरी यायची. चुलीबद्दल कुणी विचारत नसे. निदान मी शिकत होते तेव्हा तरी मी तो प्रश्न ऐकला नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर वेळवंड खोऱ्यातलं. फुप्फुसाच्या जुनाट दुखण्यानं गांजलेल्या माणसांना श्वासाचे व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम. या व्यायामांचा इतिहास शोधायला लागले आणि एक गोष्ट मनाला लागली. श्वास कसा घ्यावा, कसा सोडावा, हे याच सह्याद्रीच्या रांगेत, लोणावळ्याला, यंत्रं लावून तपासलं गेलं. पण तिथून दक्षिणेला, त्याच रांगेतल्या चुलीपुढं बसलेल्या बाईपर्यंत ते यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. अजूनही ते पुरतं आलेलं नाही.

आधी धुराचा इतिहास सांगते, कारण तो कुठल्या बखरीत सापडणार नाही. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर ही नावं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्यानं भोरला राज्य केलं, १९४८ साली संस्थान विलीन झालं, वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, हेही कागदोपत्री आहे. या डोंगरांतल्या घरांत हवा कशी होती, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

जुनं घर डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, उतरतं छप्पर इतकं खाली आलेलं की आत जाताना वाकावं लागायचं. खिडकी नसायची किंवा वीतभर झरोका असायचा. मावळात पाऊस आडवा मारतो. भिंतीला भोक ठेवलं तर आषाढ-श्रावणात घरात पाणी. एका बाजूला गोठा, मधल्या अंधाऱ्या खणात चूल आणि तिच्या कुशीला वैल. वर माळ्यावर पावसाळ्यासाठी साठवलेलं सरपण आणि बियाणं. त्या माळ्याला धुराची गरजच होती. धुरानं लाकूड सुकायचं, बियाण्याला कीड लागायची नाही, जनावरांना डास कमी चावायचे. म्हणून धूर बाहेर काढायची घाई कुणाला नसे.

आता त्या चुलीपुढची फुंकणी बघा. हातभर लांबीची लोखंडी नळी, कुणाकडे पितळेची. एक टोक ओठांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं, दुसरं काजळीनं काळं. जळण ओलं असलं की ते पेटत नाही, नुसतं धुमसतं. मग बाई उकिडवी बसते, गाल जवळजवळ जमिनीला लावते, छातीभर श्वास घेते, ओठांचा चंबू करून नळीत जोरानं फुंकते. जाळ धरला तर ठीक, नाहीतर पुन्हा. छातीभर घेतलेला तो प्रत्येक श्वास धुरातलाच असतो. माझी आई सकाळच्या चहाला, भाकरीला, दुपारी गुरांच्या आंबोणाला, संध्याकाळी पुन्हा भाकरीला अशी बसायची. मांडीवर किंवा पाठीशी एखादं पोर असायचंच. मुलगी हाताशी आली की फुंकणी तिच्या हातात जायची. म्हणजे चाळिशीत धाप लागलेल्या बाईच्या फुप्फुसानं तीसेक वर्षं धूर खाल्लेला असतो, आणि आम्ही तिला विडीबद्दल विचारत होतो.

धूर एकट्या चुलीचा नव्हता. आमच्याकडे भात हेच पीक. आंबेमोहोर आणि आता इंद्रायणी. भाताचा तरवा टाकायच्या आधी जागा भाजावी लागते. तोडलेले टहाळे, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर देऊन वर माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. यालाच राब म्हणतात. चैत्र-वैशाखात संध्याकाळी अख्खं खोरं राखाडी दिसायचं. राबावरून इंग्रज सरकारचं जंगल खातं आणि शेतकरी यांच्यात मोठा तंटा झाला होता. १८८० च्या दशकात नेमलेल्या मुंबईच्या वन आयोगापुढे तो प्रश्न आला. राबाशिवाय भात होणार नाही, असं शेतकऱ्यांचं म्हणणं, आणि झाडं तुटतात, असं सरकारचं. फुप्फुसांबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

पुढे पानशेतचं धरण बांधायला घेतलं. आतल्या डोंगरांपर्यंत रस्ते गेले आणि त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले. शेतकऱ्यांच्या मालकीची झाडं कवडीमोलानं विकली गेली आणि भट्टीत गेली. माधव गाडगीळांनी या भागातल्या देवरायांबद्दल लिहिताना हे नोंदवून ठेवलं आहे. कोळशाची भट्टी लावणं हे सह्याद्रीत बहुतेक कातकऱ्यांच्या वाट्याला आलेलं काम. भट्टी दिवसरात्र धुमसते आणि तिच्याशेजारीच झोपडी टाकून राहावं लागतं. कातकरी वाड्यांवर फिरताना मी आजही आधी हाच प्रश्न विचारते: भट्टीवर किती वर्षं होता? आणि बायकांना एक जास्तीचा: मशेरी घरी भाजता का? तव्यावर तंबाखू जाळताना उठणारा तो उग्र धूर घरातली सगळी माणसं पितात.

धाप लागली तर करायचे काय? अडुळशाचा रस, सुंठ-गूळ, छातीला तेल चोळून शेक. कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणारं दम्याचं औषध घ्यायला माणसं लांब लांब जात. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला माशातून औषध देतात, तिथं जाऊन आलेली माणसंही आमच्या खोऱ्यात आहेत. या सगळ्याकडे मी तुच्छतेनं बघत नाही. रात्रभर उशाला टेकून बसून काढणाऱ्या माणसाला कुणी काही देऊ केलं तर तो घेणारच.

श्वासाचा अभ्यास मात्र या घरांत नव्हता, आणि त्याला कारण होतं. प्राणायाम होता, पण संध्येत. मुंज झालेल्या मुलानं अंगठा आणि दोन बोटांनी नाक धरून करायचा. भोर गावात, संस्थानच्या कारभारी मंडळींच्या घरांत तो रोज होत असणार. खोऱ्यातल्या कुणब्याला, कोळ्याला, महाराला, आणि कुठल्याही जातीच्या बाईला त्याच्याशी काही देणंघेणं ठेवू दिलेलं नव्हतं. दुसरीकडे तो होता जोगी-गोसाव्यांकडे, आणि त्यांची विद्या गुरूशिवाय मिळत नसे. हठप्रदीपिका हा पंधराव्या शतकातला ग्रंथ तर स्पष्ट बजावतो की प्राणायाम चुकला तर उचकी, दमा, खोकला असे विकार होतात. वाघ-सिंह जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास वश करावा, असंही त्यात सांगितलं आहे. आज टीव्हीपुढे बसून भराभर पोट हलवणाऱ्या माणसांना मी हे मुद्दाम सांगते. हा इशारा परंपरेनंच दिलेला आहे.

बायकांचा म्हणून श्वासाचा एक सराव मात्र होता. त्याला व्यायाम कुणी म्हटलं नाही, इतकंच. पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणणारी बाई श्वास झटकन घेते आणि ओळभर लांबवत हळूहळू सोडते. हात जातं ओढत असतात, त्या ओढीच्या लयीत गळा चालतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळी खेड्यांतून या ओव्या जमवायला सुरुवात केली आणि तो साठा लाखाच्या वर गेला. ते काम ओव्यांसाठी, बायकांच्या मनासाठी झालं. मला त्यात लांब उच्छ्वासही ऐकू येतो. ब्रिटनमध्ये आता फुप्फुसाच्या रुग्णांचे गाण्याचे गट चालतात. त्याचा पक्का वैद्यकीय पुरावा अजून थोडा आहे, म्हणून मी दावा करत नाही. पण गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, बाईचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं, आणि त्याबरोबर तिचा हा सरावही गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. चूल मात्र राहिली.

आता लोणावळ्याकडे येते. जगन्नाथ गणेश गुणे हे १८८३ साली डभोईला जन्मलेले, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले, पुढे अमळनेरला शिक्षक झालेले गृहस्थ. मालसरच्या परमहंस माधवदासांकडे ते योग शिकले. गुरूनं दिलेलं ज्ञान खरं असेल तर ते यंत्रावर दिसलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरणांनी पाहिलं. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. स्वामी कुवलयानंद म्हणून आपण ओळखतो ते हेच.

त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी माझ्या धंद्याच्या दृष्टीनं फार मोठ्या आहेत. पहिली म्हणजे, प्राणायामानं शरीराला भरमसाट प्राणवायू मिळतो, या लोकप्रिय समजावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी मोजलं, आणि तसं होत नाही हे छापून टाकलं. प्राणायामाचा उपयोग दुसरीकडे आहे असं त्यांचं मत होतं. स्वतः योगी असलेल्या माणसानं योगाबद्दलची आवडती समजूत पुराव्यानिशी नाकारावी, याला धैर्य लागतं. दुसरी गोष्ट प्रमाणाची. सामान्य माणसाला त्यांनी कुंभकाशिवायचा, म्हणजे श्वास न रोखता करायचा प्राणायाम शिकवला आणि प्रमाण सांगितलं एकास दोन. श्वास घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. आज जगातल्या कुठल्याही फुप्फुस-पुनर्वसन केंद्रात गेलात तर ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवतात, तेव्हा आकडे मोजून देतात: आत घेताना दोन, सोडताना चार. तेच प्रमाण.

संस्थेचं काम इथंच थांबलं नाही. मुंबईला चर्नी रोडजवळ तिचं आरोग्यकेंद्र झालं. गांधीजींनी प्रकृतीसाठी १९२७ साली कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. १९६० च्या दशकात लोणावळ्याच्या यौगिक रुग्णालयात दम्याचे रुग्ण ठेवून उपचार झाले, आणि डॉ. भोळे यांनी त्याचा अहवाल १९६७ साली 'योगमीमांसे'त दिला. कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांचं यौगिक उपचारांवरचं पुस्तक १९६३ चं. मुंबईत सीतादेवी योगेंद्र १९३० च्या दशकातच स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहीत होत्या. पुण्यात तर १९३७ साली एक अशक्त, लहानपणी क्षयानं खंगलेला तरुण डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला. तेच बी. के. एस. अय्यंगार. त्यांचं प्राणायामावरचं पुस्तक १९८१ साली निघालं. पाठीखाली घडी केलेली घोंगडी घालून, उताणं झोपवून, छाती आपोआप उघडेल अशी सोय करून मगच श्वासाकडे जायचं, ही त्यांची पद्धत दुर्बळ माणसाला किती आधार देते ते मी पाहिलं आहे.

इंग्लंडमध्ये याच सुमारास दुसऱ्या बाजूनं तेच काम चाललं होतं. पहिल्या महायुद्धात छातीला गोळी लागलेल्या सैनिकांना मॅकमहन नावाचा एक जण श्वासाचे व्यायाम देत होता, त्याचा लेख १९१५ च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. १९३० च्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन ही बाई हेच काम करत होती. माझा अभ्यासक्रम तिच्या परंपरेतून आला. कॉलेजात मला ब्रॉम्प्टन शिकवलं, लोणावळा शिकवलं नाही.

पण या दोन्ही परंपरांपुढे जो रुग्ण होता तो शहरातला होता. बहुधा पुरुष, लिहितावाचता, दम्याचा किंवा विडी-सिगारेटचा. चुलीपुढची बाई कुणाच्या डोळ्यांपुढे यायला वेळ लागला. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९५९ साली १२७ रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यानं हृदयाची उजवी बाजू थकलेले ते रुग्ण. तंबाखू न ओढणाऱ्या बायका त्यांत इतक्या का, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी बोट ठेवलं कोंदट स्वयंपाकघरातल्या शेणी-लाकडाच्या धुरावर. पुढे गुजरातच्या खेड्यांत संशोधक कर्क स्मिथ यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच उपकरण लावून त्या किती धूर पितात ते मोजलं. ते १९८३ साली प्रसिद्ध झालं.

मग हा धागा पुणे जिल्ह्यात परत आला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं शिरूर तालुक्यातल्या वढूच्या परिसरात, केईएमच्या ग्रामीण संशोधन केंद्राच्या साथीनं, गावोगाव माणसांच्या फुप्फुसांची फुंकून तपासणी केली. डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट दुखण्याच्या, रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. जगात तंबाखू ओढणारे १०० कोटी आणि लाकूड-शेणाचा धूर पिणारे ३०० कोटी, हा हिशेबही त्यांनीच मांडला. भारतात २०१६ साली सीओपीडीचे रुग्ण साडेपाच कोटींच्या घरात होते. आता आशाताई घरोघरी भरतात त्या तपासणीच्या फॉर्ममध्ये स्वयंपाकाला जळण कोणतं, हा रकाना आहे. ज्या प्रश्नावाचून माझ्या आईची पिढी गेली तो प्रश्न अखेर सरकारी कागदावर आला.

प्रत्यक्ष व्यायाम कसा असतो, ते वेल्ह्यातल्या एका ओसरीवरून सांगते. आक्का सत्तरीच्या आसपास. पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना तीनदा थांबायच्या. मी गेले तेव्हा गुडघ्यांवर कोपरं टेकून, पुढं झुकून बसल्या होत्या. असं बसलं की बरं वाटतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, शरीरानंच शोधलं होतं. मी म्हटलं, आक्का, असंच बसा, हेच बरोबर आहे. मग त्यांना समजावलं की तुमचा श्वास आत जात नाही असं तुम्हाला वाटतं, पण खरी अडचण बाहेर पडायची आहे. एसटी गच्च भरलेली आहे, आतली माणसं उतरतच नाहीत, मग फाट्यावरची चढणार कुठं? त्या हसल्या. म्हणाल्या, "मंग आधी उतरवा की त्यास्नी!"

त्यासाठीच ओठांचा चंबू. वर्षानुवर्षांच्या धुरानं बारीक श्वासनळ्या अरुंद आणि लिबलिबीत होतात. जोरानं श्वास सोडला की त्या मिटतात आणि हवा मागं कोंडून राहते. ओठ अरुंद ठेवून हळू सोडलं तर हवेचा दाब नळ्यांना आतून आधार देतो, त्या थोडा वेळ उघड्या राहतात, कोंडलेली हवा निघते. नाकानं घ्यायचं, तोंड मिटून, मनात दोन म्हणेपर्यंत. चंबूतून सोडायचं, चार म्हणेपर्यंत. आक्कांनी एकदा करून पाहिलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे फुकणीच की गं ही!" मी म्हटलं, फुकणीच, पण इस्तू फुलवायचा न्हाई. पुढं दिवा धरलाय असं समजा. ज्योत वाकली पाहिजे, इझाया नको. फुंकणीच्या सवयीनं त्या आधी जोर लावत होत्या. जोर गेला तेव्हा खांदे खाली आले, मानेच्या ताठलेल्या शिरा सैल झाल्या. ज्या ओठांनी आयुष्यभर चूल फुंकली त्यांना हा चंबू शिकवावाच लागत नाही. फक्त जोर सोडायला शिकवावं लागतं.

मग तो श्वास कामात घालायचा. एका पावलाला श्वास घ्यायचा, पुढच्या दोन पावलांत सोडायचा. कळशी उचलतानाच सोडायचा, रोखून धरायचा नाही. कफ साठला असेल तर खोकून खोकून जीव काढण्यापेक्षा तोंड उघडं ठेवून 'हाऽ' करत हवा बाहेर ढकलायची. ओसरीच्या पायरीवरून उठायचं-बसायचं, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या, आणि रोज चालायचं, कारण धापेच्या भीतीनं माणूस बसून राहतो आणि पाय सुकतात. निव्वळ श्वासाच्या व्यायामानं किती फरक पडतो याचा, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा, आढावा २०१२ साली निघाला: १६ चाचण्या, १२३३ रुग्ण. काही आठवड्यांच्या सरावानंतर सहा मिनिटांत चालायचं अंतर ३५ ते ५० मीटरनं वाढलं. धाप कमी झाल्याचा पुरावा मात्र सगळीकडे सारखा नव्हता. चालणं आणि ताकदीचे व्यायाम धरून पूर्ण पुनर्वसनाचा आढावा २०१५ चा आहे, ६५ चाचण्यांचा, आणि त्याचा कौल निःसंदिग्ध आहे: धाप कमी होते, जगणं सुधारतं. कुणाला ३५ मीटर थोडे वाटतील. वेल्ह्यातल्या वाडीवर ओसरीपासून हापशापर्यंतचं अंतर तेवढंच असतं.

काही गोष्टी ठामपणे सांगते. या व्यायामांनी गेलेलं फुप्फुस परत येत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप सोडून व्यायाम करायचे नाहीत; पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे आणि तिनं माणसं मेली आहेत. धाप लागणाऱ्या माणसानं कपालभाती आणि भस्त्रिका करू नये, श्वास रोखू नये. एका योगशिबिरात एका आजोबांना भराभर श्वास करायला लावला आणि ते निळे पडले, तेव्हा मी तिथं होते. पोटानं श्वास घ्या, हा सल्लाही सगळ्यांना चालत नाही. छाती फार फुगलेली असेल तर पोटाचा पडदा आधीच सपाट झालेला असतो, त्याला आणखी राबवलं तर धाप वाढते. कोविडनंतर घरोघरी आलेलं तीन गोळ्यांचं यंत्र हवा आत ओढायला आहे. सीओपीडीचा प्रश्न हवा बाहेर काढायचा आहे. कुणाला काय द्यायचं हे तपासून ठरवावं लागतं.

आणि चूल? १९८० च्या दशकात सरकारची सुधारित चुलीची योजना आली. पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं कमी धुराच्या चुलींवर मनापासून काम केलं. २०१६ साली उज्ज्वला ही गॅसजोडणीची योजना आली आणि आमच्या खोऱ्यात लाल सिलिंडर घरोघर दिसू लागला. पण सिलिंडर बऱ्याच घरांत पाहुण्यांच्या चहापुरता असतो. तो संपला की भरायला पैसे लागतात, सरपण रानातून फुकट येतं, आणि ते आणायचे कष्ट बाईचे असल्यामुळे घरात कुणी मोजत नाही. धाप लागलेल्या बाईला सकाळी व्यायाम शिकवून दुपारी त्याच धुरात बसवलं तर माझ्या शिकवण्याला काही अर्थ राहत नाही.

जिल्हा परिषदेकडे माझं मागणं आहे की भोर आणि वेल्ह्याच्या प्रत्येक उपकेंद्रात एका तरी कर्मचाऱ्याला हे व्यायाम शिकवून ठेवा. त्याला यंत्र लागत नाही, एक ओसरी पुरते. आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांची आई गावाकडे आहे त्यांना सांगणं असं: पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा तिच्याबरोबर चढ चालून बघा, ती कुठं थांबते ते पाहा. थांबत असेल तर तिची फुंकून तपासणी करून घ्या, व्यायाम विचारून घ्या. आणि सिलिंडर भरायचे पैसे महिन्याच्या महिन्याला, तिनं मागायच्या आधी, तिच्या खात्यावर टाका.